पायरीकाका

काकांना पत्ता विचारायचा असेल तर हाताशी अर्धा तास राखून ठेवावा. द्वारकेतल्या दुसऱ्या कुणालाही 'सेक्टर १० चं मार्केट कुठे?' असं विचारलंत, तर तो हात लांब करून 'सीधे जाओ, फिर लेफ्ट' म्हणतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. काका जात नाहीत. ते खिशातून पाठकोरा कागद काढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "थांबा. आधी पायऱ्या पाडू."

मग कागदाला तीन घड्या घालून आठ घरं पाडली जातात. पहिल्या घरात तुम्ही स्वतः, टोपी असेल तर टोपीसकट. दुसऱ्या घरात तुम्ही आणि पाण्याची टाकी. तिसऱ्यात टाकी मागे पडलेली, पुढे पिंपळ. प्रत्येक घरात नवी गोष्ट एकच, आणि ती लाल रिफिलने. आधीचं सगळं निळं. आठव्या घरात मार्केट येतं तोवर खरं मार्केट बंद व्हायला आलेलं असतं. पण काकांचा कागद घेऊन निघालेला माणूस अजून तरी चुकलेला नाही. 'सीधे जाओ'वाल्यांची माणसं आम्ही वरचेवर सेक्टर ११ मधून गोळा करून आणतो.

आमच्या सोसायटीतले पंजाबी, बंगाली, बिहारी सगळे त्यांना 'स्टेपवाले अंकल' म्हणतात. आम्ही मोजकी मराठी बिऱ्हाडं पायरीकाका म्हणतो. अर्थात तोंडावर नाही. तोंडावर नुसतं 'काका', कारण टोपणनाव कानावर गेलं तर ते कसं पडलं हे ते चित्रांतून समजावतील.

द्वारकेवर काकांचं प्रेम आहे, पण ते तक्रारीसकट. जुन्या पप्पनकलांच्या जमिनीवर दिल्ली विकास प्राधिकरणाने हे उपनगर आखलं, सेक्टर पाडले, त्यांना आकडे दिले. इथपर्यंत काका खूश. पण हे आकडे जमिनीवर पेरताना कुणी पत्ते पिसले होते, असा त्यांचा जाहीर आरोप आहे. त्यातल्या त्यात समाधान मेट्रोचं. निळ्या मार्गावर द्वारका मोड, द्वारका ही दोन स्थानकं गेली की सेक्टर १४, १३, १२, ११, १०, ९, ८ अशी उतरत्या भाजणीने लागतात. काका दाराशी उभं राहून प्रत्येक घोषणेला मान डोलावतात. आणि ८ नंतर एकदम २१! २०१० साली मेट्रो तिथवर वाढली, पण ही उडी काकांनी अजून माफ केलेली नाही. विमानतळावर जायला सेक्टर २१ ला गाडी बदलावी लागते. काका बदलतात, पण तोंड कडू करून. "मधल्या बारा पायऱ्या कुठे गेल्या?" असं ते शेजारच्या प्रवाशाला विचारतात. शेजारचा प्रवासी बॅग उचलून पुढच्या डब्यात जातो.

पाहुणा आला की लोक त्याला इंडिया गेट दाखवायला नेतात. काका नेतात सेक्टर १२ मधल्या बावडीवर. ही लोदींच्या काळातली पायऱ्यांची विहीर, आपल्याकडची बारवच. आजूबाजूला फ्लॅट आणि मधे ती. "बघा," काका म्हणतात, "पाणी खोल आहे म्हणून दोर लांब केला नाही त्यांनी. माणसाला पाण्यापर्यंत नेलं." पाहुण्याला एव्हाना भूक लागलेली असते.

हे वेड काकांना लागलं ते मिरजेत. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा त्यांनी दिल्या. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि मुलांच्या पोटात गोळा आणणारी कर्तव्यभूमिती. चित्रकलेच्या मास्तरांनी मडकं काढायला शिकवलं तेव्हा आधी मडकं काढूच दिलं नाही. आधी मध्यरेषा. मग तोंडाची रुंदी. मग पोटाची. मग बूड. मग डावी बाजू, आणि डाव्या बाजूची मापं मध्यरेषेपलीकडे नेऊन उजवी. वर्गातल्या साऱ्यांची मडकी सारखी आली. ज्याला रेघसुद्धा धड येत नव्हती त्याचंही मडकं उभं राहिलं. काकांच्या डोळ्यांसमोरून ते मडकं अजून हललेलं नाही.

पुढे नोकरीसाठी दिल्लीत आले आणि एका सरकारी वर्कशॉपात शिकाऊ पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवू लागले. तिथे कुठल्याशा जुन्या फायलीत त्यांना एका अमेरिकन कार्डाची नक्कल मिळाली. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या कारखान्यांतली कसलेली माणसं लढाईवर गेली, नवी माणसं, त्यात कितीतरी बाया, भराभर तयार करायची होती. तेव्हा तिथल्या सरकारने फोरमन लोकांना खिशात मावणारं एक कार्ड दिलं. शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. आणि शिकवण्याआधी कामाचा कागद करा: एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पायरीतली मेख. पायरी म्हणजे काय करायचं. मेख म्हणजे ते करताना काय सांभाळायचं. त्या प्रशिक्षणाचं ब्रीद असं होतं की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. हे वाक्य काका दिवसातून एकदा तरी म्हणतात. काकू त्यावर म्हणतात, "मग गेली चाळीस वर्षं तुम्ही मला काहीच शिकवलेलं नाही."

बाजारात मिळणाऱ्या 'चित्र काढायला शिका' छापाच्या पुस्तकांवर काकांचा विशेष दात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये ते मुलांना चित्रं शिकवतात, तेव्हा कुणीतरी असलं पुस्तक घेऊन येतंच. पहिल्या चौकटीत दोन वर्तुळं. दुसरीत दोन वर्तुळं आणि चार काड्या. तिसरीत एकदम अरबी घोडा, आयाळ उडतेय, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांत चमक. काका पुस्तक उंच धरून मुलांना विचारतात, "दुसरी और तीसरी के बीच का घोड़ा किसने खाया?" मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात.

तेव्हापासून 'मधला घोडा' हा आमच्या सोसायटीत रूढ शब्द झाला. सांगणाऱ्याला इतका सवयीचा की तो सांगायचाच विसरतो, आणि शिकणारा नेमका तिथेच आपटतो, तो मधला घोडा. बँकेचं ॲप वापरायला शिकवणारा मुलगा म्हणतो, "मग ओटीपी टाका." तो ओटीपी कुठून आणायचा, तोवर आधीचा पडदा नाहीसा होतो त्याचं काय, हा मधला घोडा. पाककृती सांगणारी बाई म्हणते, "अंदाजे मीठ." हा तर घोड्यांचा तबेला.

द्वारकेत पाण्याची ओरड होती, टँकरची वाट बघत बायका बादल्या मांडून बसायच्या, त्या दिवसांत काकांनी पंपघरात पहिला तक्ता लावला. पंप हवा धरायचा, नुसता घरघरायचा, आणि प्रायमिंग कसं करायचं हे फक्त एका प्लंबरला ठाऊक होतं. त्याचा भाव पाण्यापेक्षा चढा. काकांनी त्याच्यामागे उभं राहून त्याच्या हातांची चित्रं काढली. कुठला व्हॉल्व्ह आधी बंद, कुठली चावी किती फिरवायची, पाणी कुठून ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत कसं थांबायचं. अक्षर एकही नाही. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीच्या चौकीदाराने एकट्याने पंप चालू केला. प्लंबर काकांशी पुढे बराच काळ बोलत नव्हता.

चित्रातले हात नेहमी करणाऱ्याच्या बाजूने काढायचे, हा काकांचा दुसरा दंडक. समोरून काढलेल्या चित्रात उजव्याचं डावं होतं आणि शिकणारा निम्मी शक्ती ते उलटं करण्यात घालवतो. तत्त्व रास्त आहे. पण काका ते जातीने पाळतात. गुढीपाडव्याला सोसायटीत फेटा बांधायला शिकवला तेव्हा ते सभागृहाकडे पाठ करून उभे राहिले आणि तासभर भिंतीशी बोलले. मागे बसलेल्या तीस माणसांनी त्यांच्या मागोमाग फेटे बांधले आणि सगळ्यांचे शेमले एकाच बाजूला आले. फोटोत मात्र सत्काराची शाल काकांच्या पाठीवर आहे आणि काका दिसतच नाहीत.

पण काकांचा खरा कस लागला तो उकडीच्या मोदकांना.

गणपतीत एक वर्ष ठरलं की प्रसादाचे मोदक सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून करायचे. काकूंचे मोदक म्हणजे आमच्या मजल्याचा अभिमान. काकांनी त्यांना विचारलं, "पायऱ्या सांग." काकू म्हणाल्या, "उकड काढायची, पारी करायची, सारण भरायचं, कळ्या पाडून मिटायचं, वाफवायचं. झालं." काकांनी 'झालं'खाली लाल रेघ ओढली.

मग पंधरवडाभर त्या घरात रोज मोदक झाले. काका स्टुलावर बसून बघायचे, काकू करायच्या. काका विचारायचे, "आता अंगठा आत का गेला?" काकू म्हणायच्या, "कुठे गेला?" पारी कडेला पातळ आणि मधे जाड ठेवायची, हे काकूंना सांगता आलं. बोटं मधूनमधून पाण्यात बुडवायची, हेही दुसऱ्या दिवशी आठवलं. पण खालच्या मजल्यावरच्या पंजाबी वहिनींना काकांनी तालमीसाठी बोलावलं, तर त्यांच्या कळ्या पडायच्या सुरेख आणि मिटताना सगळा मोदक फाटायचा. सलग तीन दिवस. काकू म्हणाल्या, "हाताला वळण लागलं की येईल आपोआप." 'आपोआप' ऐकल्यावर काका उठले आणि फोन घेऊन आले.

त्यांनी काकूंच्या हातांचं चित्रण केलं आणि ते मंद गतीने लावलं. उजव्या हाताची बोटं कळ्या गोळा करत होती, हे सगळ्यांना दिसतच होतं. पण डावा तळवा, ज्यात मोदक नुसता ठेवलाय असं आम्ही समजत होतो, तो बोटांच्या उलट दिशेने किंचित किंचित फिरत होता. मोदक बोटांना आणून देत होता. काकूंनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "हा हात माझाच ना?" त्या म्हणाल्या. लहानपणी आईकडे पाहून उचललेली ती लकब, जन्मभर त्यांनी केली आणि एकदाही त्यांच्या लक्षात आली नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "सापडला! मधला घोडा सापडला!" घरात गणपतीच्या आरतीला झाला नाही एवढा गजर झाला.

तक्ता झाला एकोणीस पायऱ्यांचा. आता एकोणीस पायऱ्या एका कागदावर काका देणार नाहीत. जॉर्ज मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एक निबंध लिहिला, त्यात माणसाच्या तात्पुरत्या आठवणीत सात गोष्टी, दोन इकडे दोन तिकडे, एवढंच मावतं असं म्हटलंय. काका त्याचं मराठी रूप सांगतात, "सातावर गेलं की सांडतं." म्हणून तीन कागद: उकड, वळणं, वाफ. हॉलमध्ये दोऱ्यावर चिमट्यांनी लावले.

त्या दिवशीचा सोहळा मात्र तक्त्याप्रमाणे झाला असं नाही. काकांचं प्रास्ताविक लांबलं आणि उकड गार झाली. काकूंनी डोळ्यांनी खूण केली, ती काकांनी पाहिली नाही, कारण ते पाठ करून उभे होते. केरळच्या शेजारीणबाईंनी तक्त्याकडे ढुंकून न बघता भराभर गोल गोळे वळून ठेवले आणि म्हणाल्या, "ये तो हमारा कोळुक्कट्टा है." पण ज्यांनी जन्मात कधी कणकेला हात लावला नव्हता ते दोन नंबर टॉवरमधले निवृत्त सरदारजी तक्त्यावर बोट ठेवून एकेक चौकट पुढे सरकत राहिले. कुणाशी बोलले नाहीत. डावा तळवा फिरतोय ना, हे मधेच स्वतःशी तपासत होते. त्यांचे अकरा मोदक ताटात उभे राहिले तेव्हा काकूंनी जवळ जाऊन एक उचलला, फिरवून पाहिला आणि तो गणपतीपुढच्या नैवेद्यात ठेवला. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

काकू मात्र हार मानणाऱ्यातल्या नाहीत. दिवाळीत अंगणाच्या जागी जे काही चार फूट मिळतात तिथे त्या ठिपक्यांची रांगोळी घालत होत्या. काका वही घेऊन आले, "हिच्या पायऱ्या?" काकूंनी ठिपक्यांकडे हात केला. "माझ्या पायऱ्या आधीच जमिनीवर आहेत. तुम्ही उभे आहात त्यातल्या तीन पायऱ्यांवर." काका उडी मारून बाजूला झाले. त्यानंतर आठवडाभर ते ठिपक्यांच्या रांगोळीवरच बोलत होते. शिकवणाऱ्याने आधी फक्त ठिपके द्यावेत, रेघ शिकणाऱ्याची असावी, हे आपल्या आज्यांना कसं कळलं होतं वगैरे. यावर दाखला लागतोच, आणि तो काकांकडे तयार असतो. दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिलाच समास, लेखनक्रियेचा. ओळीला ओळ लागू नये, पानाच्या कडेला जागा सोडावी, लेखण्या नाना तऱ्हेच्या कराव्यात, इतक्या बारकाव्याने समर्थ सांगतात. "संत माणूस, पण समासाची जागासुद्धा सोडली नाही," काका म्हणतात. मग लक्षात येतं की समर्थांनी तर ती सोडायलाच सांगितलीय, आणि ते वाक्य दुरुस्त करत बसतात.

या माणसाचा जाच होत नाही असं नाही. लिफ्टमध्ये त्यांनी 'आधी आतल्यांना बाहेर येऊ द्या' हे चार चित्रांत लावलं. लोक ती चित्रं पाहत उभे राहतात आणि लिफ्ट निघून जाते. बंगळुरूच्या मुलीला गिझर कसा चालू करायचा याची चौदा चित्रं व्हॉट्सॲपवर पाठवली, ती पोचताना क्रम उलटापालटा झाला आणि जावयाने आधी बटण दाबलं, मग गिझरला पाणी सोडायला गेला. सुदैवाने मुलीने बटण बंद केलं. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ३/१४, ४/१४ असं लिहिलेलं असतं. नातवाला बुटाची नाडी बांधायचा तक्ता पाठवला तेव्हा नातवाने उत्तर पाठवलं, "आजोबा, माझ्या बुटांना वेल्क्रो आहे."

आणि जिथे पायऱ्याच नसतात तिथे काका अगदी लेचेपेचे होतात. आठवडी बाजारात काकू भाव करतात तेव्हा काकांनी तेही टिपून पाहिलं. वस्तू उचलणे. नाक मुरडणे. ठेवणे. वळणे. सहा पावलं चालणे. सातव्या पावलाला विक्रेता हाक मारतो. काकांनी एकट्याने जाऊन तंतोतंत तसं केलं. सहा पावलं चालले, सात चालले, पंधरा चालले. हाक आली नाही. परत जाऊन पूर्ण भाव देऊन चादर घेऊन आले. "मेख राहिली," म्हणाले. ती काय हे काकू सांगत नाहीत.

तरी सोसायटी त्यांना सांभाळून घेते, त्याला एक कारण आहे. काकांच्या घरी काम करणाऱ्या बाईंना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी काकांनी वॉशिंग मशीनवर सहा चित्रं चिकटवली. पहिल्याच दिवशी बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "अंकल, इसमें नल खोलना तो है ही नहीं." सगळी सोसायटी ज्यांच्या तक्त्यांवर चालते त्या माणसाने नळ उघडायचं चित्र काढलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, एवढं तर कळतंच ना. काकांनी कपाटातून एक जाड वही काढली. तिच्यावर 'मधले घोडे' असं लिहिलंय. आत तारीख, तक्ता कुठला, काय राहिलं, आणि कुणाला सापडलं. बाईंचं नाव त्यांनी त्यात लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या वहीत चौकीदार आहे, सरदारजी आहेत, नऊ वर्षांची एक मुलगी आहे, आणि काकूंचं नाव तर पानोपानी. काकांचं स्वतःचं एकदाही नाही. आपण केलेल्या तक्त्यातली चूक आपल्याला दिसत नाही, ती दिसायला शिकणारा लागतो, असं ते म्हणतात. एरवी चूक दाखवली की दिल्लीत माणसं आवाज चढवतात. हा माणूस वही काढतो.

तर तुम्हाला पंप चालवायचा असो, फेटा बांधायचा असो, नऊवारीचा काष्टा जमत नसो किंवा फोनवरून पैसे पाठवायची धास्ती वाटत असो, काकांकडे खुशाल जा. कागद-पेन्सिल न्यायची गरज नाही. त्या संध्याकाळी मात्र दुसरं काही ठरवू नका. आणि दारावरची बेल एकदाच दाबा. बेलखाली पाच चित्रं आहेत: बोट बेलवर, म्हातारा खुर्चीत, म्हातारा चष्मा शोधताना, म्हातारा चालताना, दार उघडं. तिसऱ्या चित्राला वेळ लागतो.